मोजकाकाचा बाप

नाही नाही, खुर्ची अशीच राहू द्या, मॅडम — जरा तिरका बसतो मी, त्या भिंतीकडे तोंड केलं की मला बोलणं सुचत नाही. ती तुमची किल्ल्यांची फळी आहे ना, खिळ्याखिळ्यावर नंबर आणि नंबराखाली किल्ली — चांगली आहे हो, नीटनेटकी आहे, माझी काही तक्रार नाही, माझ्याच नजरेचा दोष समजा. हां, तर मी काय म्हणत होतो — मुलं मोजणं हा गुन्हा आहे का? एवढंच विचारतोय. शाळेच्या बसवर माणूस ठेवता कशाला तुम्ही? दार उघडायला? दार ड्रायव्हरसुद्धा बसल्या जागेवरून उघडतो. माणूस ठेवता तो मुलं मोजायला, आणि माझ्या मुलानं मुलं मोजली. दोनदा मोजली, तीनदा मोजली — किती? अकरा वेळा? हे कोण म्हणालं, ड्रायव्हर म्हणाला? ड्रायव्हरला काय हो, त्याला गाडी लावून घर गाठायचं असतं, त्याला दोन वेळाही अकराच वाटणार. बरं, अकरा तर अकरा. अकरा वेळा मोजून एखादं पोर जास्त झालं का? सहा वर्षांत एक मूल हरवलं नाही त्याच्या गाडीवरून, एक दप्तर हरवलं नाही. पोरं त्याला मोजकाका म्हणतात, माहीत आहे ना? प्रेमानं म्हणतात. मला रस्त्यात एक चिमुरडी भेटली तर आईला काय सांगते — हा बघ मोजकाकाचा बाप. बाप म्हणाली, सरळ बाप! आई बिचारी लाजेनं चूर झाली. मला बरं वाटलं.

गुरुवारचं? गुरुवारचं मी नाकारत नाही. मी आलोय तेच गुरुवारसाठी. बत्तीस मुलं, एकतीस चढली, दोन वेण्यांची एक मुलगी आली नाही. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, ती मावशीबरोबर गेली. आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, गेली तर गेली, चला, सुटलो. आमच्यानं विचारलं, तू पाहिलंस? ती म्हणाली, पाहिलं नाही, पण गेली. झालं! पाहिलं नाही पण गेली, एवढं ऐकलं आणि हा उतरून शाळेत पळाला. वर्ग बघितले, बाथरूम बघितली, स्टेजच्या मागची अडगळ उपसली. त्याला परत आणायला ड्रायव्हर उतरला, ते ड्रायव्हरचं चुकलं — बरं, नाही चुकलं, राहिलं. पण तोही उतरला आणि गाडीत एकतीस मुलं एकटी, काचा बंद, दुपारची वेळ. चाळीस मिनिटं. एक बारका मुलगा घेरी येऊन पडला. ते मला कळतं, मॅडम. मलाही मुलं आहेत. त्या मुलाच्या आईनं जे पत्र लिहिलंय तुम्हाला, ते मी तिच्या जागी असतो तर याहून तिखट लिहिलं असतं. शेवटी हा सापडला कुठे, तर शाळेच्या गच्चीवर. पाण्याच्या टाकीचं झाकण काढून, खांद्यापर्यंत हात आत घालून बसला होता. पाण्यात चाचपत. आणि ती मुलगी मावशीच्या घरी झोका खेळत होती.

त्याला ठाऊक नाही मी इथे आलोय ते. त्याला सांगितलंय, जरा पाय मोकळे करून येतो. सोमवारपासून घरी बसलाय तो, तुम्ही सांगितलंत तसा — बसलाय म्हणजे उभाच असतो, खिडकीत. समोरून तुमचीच दुसरी बस जाते ना, सात नंबर, तर ओठ हलतात त्याचे. चालत्या गाडीतली मुलं मोजतो! मी म्हटलं, अरे, ती गाडी लागते का तुझ्या बापाची? हसला. हसतो तसा तो, अजून हसतो, म्हणून तर म्हणतोय की एवढं काही झालेलं नाही. एकतीस वर्षांचा घोडा आहे, लग्न नाही, मित्र नाही, व्यसन नाही. ही नोकरी आहे तेवढीच आहे. ही गेली की काय उरतं? मी आणि खिडकी. मी किती दिवसांचा? म्हणून आलो. मी कधी कोणापुढे हात पसरलेला माणूस नाही, विचारा कुणालाही — पण आलो. एक संधी द्या. दुसऱ्या गाडीवर टाका, लहान गाडीवर टाका, दहा मुलांच्या. दहा मोजायला असा किती वेळ लागतो!

हं. ती अट. ती मला ठाऊक आहे, पत्रात वाचली मी — त्याच्या नावाचं पत्र उघडलं, हो, उघडलं, बाप आहे. दोन महिने रजा, डॉक्टरकडे जायचं, डॉक्टरचं पत्र आलं की परत घ्यायचं. भलं केलंत तुम्ही, मॅडम, दुसरीकडे सरळ हाकलला असता, मी उपकार मानतो. जाईल तो डॉक्टरकडे. जातोच आहे, वर्ष झालं जातोय, ते नाही सांगितलं त्यानं तुम्हाला? — सांगितलं? मग हेही सांगितलं असेल की डॉक्टर पुढे सरकेना. का सरकेना? तर म्हणे वडिलांना आणा. अरे, डोकं याचं दुखतंय आणि वडिलांना आणा! दात माझा किडला तर शेजाऱ्याचा उपटाल का? गेलो होतो मी एकदा, नाही गेलो असं नाही. दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेलो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, त्यात मी ही एक पायरी घातली. म्हटलं गुडघा दुखतो, तू हो पुढे. तो खरंच पुढे झाला. कधी वाद घालत नाही तो, हाच त्याचा दोष. तर माझं म्हणणं एवढंच — ती वडिलांची अट तेवढी सोडून बाकी काय वाटेल ते सांगा. लिहून देतो, जामीन राहतो, रोज त्याच्याबरोबर गाडीवर फुकट बसतो. तेवढं सोडून सांगा.

का म्हणजे? का-बिका काही नाही. मी बोलणाऱ्यातला माणूस नाही. — हसलात. हसा. बडबडणं वेगळं आणि बोलणं वेगळं, आमची ही म्हणायची हे. तीन वर्षं झाली तिला जाऊन. ती म्हणायची, तुम्ही दिवसभर बडबडता आणि बोलत मात्र एक अक्षर नाही.

मोजायला तो कुठे शिकला? हे विचारलंत होय. मला वाटलंच होतं, विचाराल. माझ्याकडून शिकला, आणखी कुठून? खाण तशी माती. पण मी काही त्याला पाटी घेऊन शिकवलं नाही. आमच्या घरात एक नियम होता. नियम म्हणजे — चार माणसं आम्ही. मी, ही, हा थोरला आणि एक धाकटी. संध्याकाळी मी कामावरून आलो की दारात उभा राहायचो आणि प्रत्येकानं आपापलं नाव घेऊन ओ द्यायची. ज्यानं त्यानं आपापली. हिनं म्हणायचं नाही की धाकटी आत आहे, धाकटीनं म्हणायचं नाही की आई मागे आहे. मला चेहरा दिसला पाहिजे आणि आवाज ऐकू आला पाहिजे. बाहेर कुठे गेलो, बाजारात, दवाखान्यात, लग्नात — दर थोड्या वेळानं तेच. लोक हसायचे, पलटण आली म्हणायचे. मीही हसायचो. आणि चौघं बसल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही, मी तर सगळ्यांत शेवटी. त्यांचं संपत आलं की मग मी. ही आधी चिडायची, मग तिनं सोडून दिलं. प्रत्येक घराचं काही ना काही असतंच, मॅडम. कोणाचे वडील दारू पितात, कोणाचे मारतात. मी मोजायचो. वाईट होतं का ते? नव्हतं, असं मला वाटायचं.

मारायचो नाही, असंही नाही. एकदा मारलं. धाकटी आठ वर्षांची होती. मी दारात, हिची ओ देऊन झाली, धाकटीची झाली, थोरल्याची ओ नाही. आणि ही पोरगी पटकन म्हणाली — दादा आत आहे. भावाला बोलणी बसू नयेत म्हणून म्हणाली, दुसरं काय? तो घरामागे चेंडू शोधत होता. दोन मिनिटांत आला, चेंडू काखेत. पण ती दोन मिनिटं — मी तिला किती मारलं ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, हातचं राखून सांगत नाही मी. हिनं मध्ये पडून सोडवलं. मग मी तिला दारात उभी केली, फक्त स्वतःचं नाव घे म्हटलं, पुन्हा घे, पुन्हा घे. अंधार पडेपर्यंत. फ्रॉक ओला झाला तिचा. आता ती लांब असते, समुद्रापलीकडे, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि तिला म्हणे कोणी नावानं हाक मारली की ओ देता येत नाही. घसा मिटतो. ऑफिसात हात वर करते. गोळ्या घेते त्याच्यासाठी. मला फोन करत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी अंगठा पाठवते, तो फोनवरचा पिवळा अंगठा. जिवंत आहे एवढं कळतं. मला तेवढं पुरतं. — पुरत नाही. पण मागायचं कोणत्या तोंडानं?

आणि थोरला. त्याचं वेगळं. त्या दिवसानंतर, दहा-अकरा वर्षांचा असेल, मी दारात आलो की हाच माझ्या बाजूला येऊन उभा राहायला लागला. माझं बोट धरायचा आणि माझ्याआधी मोजायचा. बाबा, चार. चारही आहेत, मी बघितलंय, तुम्ही बसा. आणि मी बसायचो, मॅडम! इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरी येऊन चपला काढून सरळ बसायचो. मला वाटलं, पोरगा शहाणा आहे, जबाबदार आहे. सगळ्यांना सांगत सुटलो होतो, माझं अर्धं ओझं यानं उचललं. अर्धं कसलं! मी आपला खुशाल त्याच्या डोक्यावर ठेवून मोकळा झालो. मग त्याचं सुरू झालं — शाळेत बाकं मोज, परीक्षेत पेपर सोडून वर्गातली पोरं मोज, दोनदा नापास झाला त्यात. गोदामात लागला तर तिथे रात्रपाळीची-दिवसपाळीची माणसं मोजायचा, त्यांनी चार महिन्यांत नारळ दिला. तेव्हा मीच धावपळ करून त्याला इथे चिकटवला. मला वाटलं, सवयच आहे तर मोजायचंच काम बरं. केवढा हुशार मी! आगीला म्हटलं, तू जळतच आहेस तर रॉकेलच्या दुकानात बस.

पाणी? द्या थोडं.

ते — माझं काम काय होतं विचारताय. बोगद्याचं. डोंगरातून पाणी न्यायचा बोगदा, आम्ही दीडेकशे माणसं पाळीत. हे बघा, हे सांगून काही उपयोग नाही, पण तुम्ही विचारलंत. बोगद्याच्या तोंडाशी एक फळा असायचा, अर्ध्यावर लिहिलेलं आत, अर्ध्यावर बाहेर, आणि खिळे. प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला, त्यावर नंबर. आत जाताना आपला बिल्ला आतल्या खिळ्यावर लावायचा, बाहेर आलं की बाहेरच्या. मुकादमानं फळा बघितला की त्याला कळायचं, डोंगरात किती माणसं आहेत. आणि ज्याचा बिल्ला त्यानंच हलवायचा, दुसऱ्याचा हलवला तर दोघंही घरी, असा कायदा. कायदा कागदावर. आमचं सगळ्यांचं जोडीजोडीनं चालायचं. पाळी सुटली की वस्तीवर न्यायला एकच लॉरी, आधी पोचला तो बसून जाणार, बाकीचे लोंबकळत. म्हणून जोडीतला एक पुढे पळायचा, दोघांचे बिल्ले हलवायचा, लॉरीत दोघांची जागा धरायचा. दुसरा मागून हत्यारं गोळा करून यायचा. सगळे करायचे. मुकादमाला दिसायचं, तोही तिकडून तोंड फिरवायचा.

माझा जोडीदार — लांब्या म्हणायचो आम्ही त्याला. सहा फुटांच्या वर उंच, बोगद्यात लागलेला! त्याच्या टोपीवर जितके पोचे होते तितके कोणाच्या टोपीवर नव्हते. स्वतःच म्हणायचा, डोंगर माझ्या डोक्यावर नंबर घालतोय. फार हसवायचा. त्या दिवशी पुढे मी पळालो. दोघांचे बिल्ले बाहेर लावले, लॉरीत जागा धरली. लॉरी सुटेपर्यंत तो आला नाही, मला वाटलं, पुढच्या फेरीनं येईल. आणि आत दरड आली. मोठी नाही हो, चार-पाच ट्रक माती. लोक पळत बाहेर आले, मुकादमानं फळा बघितला, आत एक बिल्ला नाही. सगळे बाहेर, म्हणाला. टाळ्या वाजवल्या लोकांनी. आत हवा सोडणारा मोठा पंखा होता, तो बंद केला, रिकाम्या बोगद्यात हवा कशाला? उद्या बघू म्हणाले, आणि तोंड बंद करून टाकलं.

आणि लांब्या आत होता. बिल्ला बाहेर, माणूस आत. — मग काय, मला कळलं तसं मी लगेच जाऊन सांगितलं. लगेच. पंखा सुरू केला, खणायला लागले, पोचायला चार तास लागले. झालं. असं झालं ते. म्हणून मी मोजतो. संपलं, एवढंच आहे, त्यात डॉक्टरला सांगण्यासारखं काय आहे?

लगेच म्हणजे — वस्तीवर बातमी आली तेव्हा. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील मध्ये.

म्हणा ना काहीतरी, मॅडम. तुम्ही असं पेन खाली ठेवून बघत बसलात की माणूस उगाच बोलत जातो.

दहा-पंधरा मिनिटं नाही. बातमी आली तेव्हा आम्ही जेवणघरात होतो. लांब बाकडी, समोरासमोर. मी माझ्या शेजारची जागा धरली होती लांब्यासाठी, ताटावर ताट पालथं घालून ठेवलं होतं. कोणीतरी येऊन म्हणालं, दरड आली, पण सगळे बाहेर, पंखासुद्धा बंद केला. सगळ्यांनी हुश्श केलं. मी त्या पालथ्या ताटाकडे बघितलं, आणि मला कळलं. त्याच क्षणी कळलं, मॅडम. विजेच्या दिव्याचं बटण दाबावं इतकं लख्ख. आणि मी उठलो नाही. म्हटलं, येईल. पुढच्या फेरीत असेल. म्हटलं, उठून सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, मग त्याचा बिल्ला कोणी हलवला? म्हणजे नोकरी गेली. थोरला दोन महिन्यांचा होता तेव्हा, हिची तब्येत अजून सावरली नव्हती. म्हटलं, थोडं थांबू, तो येईलच की, डोकं चोळत, शिव्या घालत. आणि सगळे जेवत होते म्हणून मी जेवलो. जेवलो मी. घास तोंडात घातला, चावला, गिळला. वाढणारा आला, त्यानं विचारलं, आणखी? मी म्हटलं, थोडं.

तास. एक तास बसलो मी. बाकडी रिकामी झाली, ताटं उचलली, पालथं ताट तेवढं राहिलं, मग उठलो. मुकादमाचे पाय धरले. चार तासांनी लांब्याला काढला तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता, झोपल्यासारखा होता. डॉक्टर म्हणाला, हवा संपली, जाऊन तासभर झालाय.

तासभर. आता तुम्हीच वजाबाकी करा. मी एकतीस वर्षं करतोय.

आणि मुकादमानं काय केलं? मला वाचवलं. स्वतःलाही वाचवलं. कागदावर लिहिलं, लांब्यानंच आपला बिल्ला हलवला आणि परवानगीशिवाय पुन्हा आत शिरला. चूक त्याची ठरली. त्याची बायको आली होती सामान न्यायला, ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, ह्यांना किती वेळा सांगितलं होतं, घाई करू नका. मी मान हलवली. हलवली मान! तेव्हापासून ही मूठ झाकलेली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझ्या मुठीत काय आहे ते आता तुम्हाला कळलं. हिला फक्त सांगितलं होतं, एकदाच. तिनं उठून मला पांघरूण घातलं.

तर आता तुम्हीच सांगा, हे मी त्या दवाखान्यात मुलाच्या शेजारी बसून सांगू? त्याच्या नजरेत मी कसाही असेन, चक्रम असेन, मारकुटा असेन, पण सगळ्यांची काळजी करणारा माणूस आहे ना? तेवढा एक मोठेपणा शिल्लक आहे माझा. त्याला कळलं की ही काळजी नव्हती, ही — तर मग त्यानं एवढं सगळं वाहिलं ते कशासाठी? माझी लाज झाकायला? हे त्याला कळता कामा नये, मॅडम. हात जोडतो. मी तुम्हाला सांगितलं, माझं चुकलं, तुम्ही परक्या आहात म्हणून सांगितलं. तुम्ही नोकरी ठेवा अगर काढा, पण हे या खोलीच्या बाहेर जायला नको.

हे काय? — त्याचं अक्षर आहे. खुलासा? हो, गुरुवारचा खुलासा लिहून दिला म्हणाला होता तो, मला दाखवला नाही. मी वाचू? थांबा, चष्मा... शर्टाला पुसतो जरा. 'मुलांना बंद गाडीत सोडून मी गेलो, ही माझी चूक आहे आणि मला ती पूर्ण मान्य आहे. त्या लहान मुलाची आणि त्याच्या आईची मी माफी मागतो.' — बघा, चांगलं लिहिलंय. वळण आईसारखं आहे. 'मी मोजणी बरोबर असली तरी थांबू शकत नाही, याचं कारण विचारलंत म्हणून लिहितो. माझे वडील बोगद्यात कामाला होते. त्यांचा जोडीदार आत अडकलाय हे...'

'...हे माहीत असून ते एक तास बसून राहिले. जेवले. मी सोळा वर्षांचा असताना आईनं मला हे सांगितलं. वडिलांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.'

सोळा.

म्हणजे पंधरा वर्षं याला — जेवलो, तेही? तेही सांगितलं हिनं? आणि हा रोज माझ्यासमोर बसून, माझं ताट वाढून, बाबा, आता तुम्ही घ्या म्हणायचा. रोज. थांबा, पुढे आहे. 'माझ्या हातून कोणाचा तास जाऊ नये एवढंच मला वाटतं. मला त्यांचा राग नाही. राग असता तर कदाचित सोपं गेलं असतं, असं डॉक्टर म्हणतात. हा कागद कृपा करून वडिलांना दाखवू नये. मला माहीत आहे हे त्यांना कळलं, तर त्यांना सहन होणार नाही.'

खाली सही. तारीख.

त्यानं दाखवू नका लिहिलं होतं, मॅडम, आणि तुम्ही दाखवलात. — नाही, रागावलो नाही. बरं केलंत. कोणीतरी करायलाच हवं होतं. आम्ही दोघं एका घरात पंधरा वर्षं एकमेकांना सांभाळत बसलो होतो, हा मला, मी त्याला. काय हा वेडेपणा हो! काय हा वेडेपणा! आणि ती बिचारी पोरगी तिकडे समुद्रापलीकडे, तिला तर कोणीच काही सांगितलं नाही. की तिलाही माहीत आहे? मला काहीच माहीत नाही. माझ्याच घरातलं मला काही माहीत नाही.

पाणी नको. दवाखान्याचा वार कोणता म्हणालात, बुधवार ना? येतो म्हणून लिहा. वडील येतात म्हणून लिहा, गुडघ्याचं काही नाही. पण बुधवार लांब आहे. एक मिनिट हं — एक फोन करतो. नंबर लागेना. लागला.

हॅलो. हां, मीच. नाही रे, पडलो नाही, काही झालं नाही. तुझ्या ऑफिसात आहे. हो, मॅडमकडे. नाही, नोकरीचं नाही, नोकरीचं नंतर. ऐक. तू लिहिलेलं वाचलं मी. — तू लिहिलेलं. सगळं.

हॅलो? आहेस ना?

रडू नको. बरं, रड. मी कुठे जात नाही. आता मी सांगतो, तू ऐक. आईनं सांगितलं ते राहू दे बाजूला, मी सांगतो.

मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता का? खोली तुमचीच आहे, कळतंय मला. पण थांबा जरा. आणि दार ओढून घ्या.